लाटेवर जायचं, पण विचारून

परीक्षेचा शेवटचा पेपर जवळ आला की अभ्यास सोडून बाकी सगळ्याचं प्लॅनिंग जोरात सुरू होतं. प्रत्येक कॉलेजात 'गोवा फायनल' नावाचा एक तरी ग्रुप असतो आणि तो तीन वर्षं फक्त ग्रुपच राहतो. मग एका रात्री कुणीतरी रील टाकतं. निळंशार पाणी, नारळाची झाडं आणि काचेच्या बोगद्यासारख्या लाटेतून सर्रकन बाहेर येणारी एक सर्फर. खाली एकच शब्द, फिजी. तासाभरात सत्तर मेसेज. 'व्हिसा आधी काढावा लागत नाही म्हणे.' 'मे महिन्यात जाऊ या का?' 'कॉन्ट्री किती?' मध्येच कुणीतरी विचारतं, 'पण सर्फिंग येतं कुणाला?' या मेसेजला ब्लू टिक मिळते, उत्तर मिळत नाही.

हा प्लॅन हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. महाग आहे, लांब आहे, पण पहिल्या नोकरीच्या बचतीतून दोन वर्षांनी जमू शकेल असा आहे. भारतीय पासपोर्टवर फिजीसाठी आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही, तिथं उतरल्यावर परमिट मिळतं, हेही खरं. तेव्हा 'जाऊच नका' असं सांगायला हा लेख नाही. म्हणणं एवढंच आहे की पॅसिफिकमधल्या बेटावर सर्फिंगला जायचं असेल तर प्लॅनिंग तिकिटापासून सुरू करू नका. आधी दोन प्रश्न सोडवा. ही लाट मला झेपेल का? आणि ही लाट आहे कुणाची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर आपला जीव धोक्यात येतो. दुसऱ्याचं टाळलं तर आपण पाहुणे न राहता नुसते गिऱ्हाईक होतो.

मे महिना बरोबर, दिवाळी चूक

फिजी म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधली तीनशेहून जास्त बेटं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश बेटांवरच वस्ती आहे. सगळ्यात मोठं बेट व्हिती लेव्हू, आणि त्याच्या पश्चिम बाजूला आंतरराष्ट्रीय विमानतळाचं गाव, नांदी. इंग्रजी स्पेलिंग वाचून 'नाडी' म्हणू नका. फिजियन भाषेत 'डी'चा उच्चार 'न्द' होतो. नाटकाआधीची नांदी लक्षात ठेवा म्हणजे झालं. नांदीच्या समोर समुद्रात मामानुथा नावाचा बेटांचा समूह आहे. जगातल्या नावाजलेल्या लाटांपैकी एक, क्लाउडब्रेक, याच भागात तावारुआ बेटाजवळ फुटते. २०२५ मध्ये वर्ल्ड सर्फ लीगचा जगज्जेता ठरवणारी फायनल इथंच झाली. पुरुषांत ब्राझीलचा यागो दोरा आणि महिलांत ऑस्ट्रेलियाची मॉली पिकलम जिंकले. रील बहुधा तिथलीच असते.

ही लाट फिजीत तयार होत नाही. ती येते हजारो किलोमीटरवरून. न्यूझीलंडच्याही खाली, दक्षिण महासागरात हिवाळ्यात मोठी वादळं घोंगावतात. त्यांनी ढवळलेलं पाणी लांबच लांब लाटांच्या रांगा करून उत्तरेला सरकतं. प्रवासात बारीकसारीक खळबळ मागे पडते आणि उरतात त्या सुटसुटीत, लांब अंतराच्या, ताकदीच्या लाटा. सर्फर त्यांना 'स्वेल' म्हणतात. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे आपला उन्हाळा आणि पावसाळा. त्यामुळे फिजीत सर्फिंगचा मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. मे ते ऑक्टोबर हे तिथले कोरडे महिनेही आहेत. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी अगदी चपखल बसते.

याउलट नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा काळ. दिवाळीची सुट्टी लांबवून किंवा नाताळात जाऊ, तिकीट स्वस्त मिळतंय, असा विचार डोक्यात आला तर २०१६ साल आठवा. त्या वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ फिजीवर आदळलं आणि ४४ माणसं गेली. प्रत्येक वर्षी असं होत नाही, मान्य. पण स्वस्त तिकीट का स्वस्त आहे, हे बुकिंगच्या आधी विचारायला पैसे पडत नाहीत.

'शिश कबाब' हे हॉटेलचं नाव नाही

आता झेपण्याचा प्रश्न. समुद्र म्हणजे समुद्र, गोव्यात दोन तास बोर्डवर उभं राहिलो तर फिजीतही राहू, असं वाटणं साहजिक आहे. फरक तळाचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर तळाला वाळू असते आणि ती हळूहळू चढत येते, त्यामुळे लाट सावकाश ढासळते. पडलात तर वाळूत पडता, नाकातोंडात पाणी जातं, मित्र हसतात, विषय संपतो. क्लाउडब्रेकला खोल समुद्रातून आलेली लाट अचानक उथळ प्रवाळाच्या भिंतीवर चढते. तिला पसरायला जागाच मिळत नाही, म्हणून ती वर उसळते आणि पुढे फेकली जाते. तो काचेचा बोगदा यातून तयार होतो. बोगद्याच्या खाली, थोड्याशाच पाण्याखाली, धारदार प्रवाळ असतं. या लाटेच्या आतल्या उथळ भागाला सर्फर मंडळींनी नाव ठेवलंय 'शिश कबाब'. कबाब कुणाचा होतो ते सांगायला नको.

क्लाउडब्रेक किनाऱ्याला लागून नाही. बोटीने जावं लागतं, बोटीतूनच पाण्यात उतरावं लागतं आणि दमलात तर पाय टेकायला जमीन नसते. म्हणजे तिथं नवशिक्याचं काम नाही, हे स्पष्ट. बोटीत बसून बघायला जरूर जा, तोही अनुभव मोठा आहे. शिकायचं असेल तर फिजीतच वाळूच्या तळाच्या जागा आहेत. व्हिती लेव्हूच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर नातांदोला इथं शिकाऊ लोकांना झेपतील अशा लाटा मिळतात. पुढे सिंगाटोका नदीच्या मुखाशीही वाळूवर फुटणारी लाट आहे, पण नदीचं मुख म्हटलं की ओढ आली, गढूळ पाणी आलं, आणि तिथं शार्कचीही चर्चा असते. स्थानिक माणसाशिवाय उतरू नका.

आणि मुळात शिकायला फिजी कशाला? आपल्याकडे मुल्की आहे, चेन्नईजवळचं कोवलम आहे, केरळातलं वर्कला आहे, गोव्यात अश्वे आणि हरमल आहे. कोवलममध्ये कोळ्यांची मुलं बापाच्या होडीवरून थेट सर्फबोर्डवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलिपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, त्यात रमेश बुदिहाळने ब्राँझ मिळवलं. ही मुलं आपल्याच देशातल्या लाटांवर घडली. तेव्हा आधी पावसाळा सोडून इथं दोन मोसम घालवा. बोर्डावर उभं राहता येणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी खोल पाण्यात न घाबरता पोहता येणं, अर्धा तास सलग पॅडल मारता येणं, बोर्डवरून पडल्यावर डोकं झाकून घेणं आणि दुसऱ्याच्या वाटेत न येणं या पायऱ्या आहेत. लाट जिथं आधी फुटते तिच्या सगळ्यात जवळ जो असतो, लाट त्याची. मध्येच घुसणं म्हणजे सर्फिंगच्या जगात लोकलच्या रांगेत घुसण्यासारखं. तिथं नुसती शिवी बसते, इथं बोर्डचं टोक डोळ्यात जाऊ शकतं.

लाटांचा अंदाज वाचायची सवयही इथंच लागू शकते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आपल्या किनाऱ्यांसाठी लाटांचे अंदाज देते. लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, दिशा, वारा, भरती-ओहोटी हे पाच आकडे रोज बघा आणि मग किनाऱ्यावर जाऊन प्रत्यक्ष काय दिसतं ते ताडून पाहा. दीड मीटरची लाट सात सेकंदांची असेल तर एक, आणि पंधरा सेकंदांची असेल तर वेगळंच प्रकरण, हे तेव्हा कळेल.

समुद्राचा सातबारा

आता दुसरा प्रश्न, लाट कुणाची? आपल्याला वाटतं, समुद्र सगळ्यांचा, लाट फुकट. फिजीत उत्तर इतकं सोपं नाही. तिथल्या मूळ रहिवाशांना इताउकेई म्हणतात. देशातली बहुतेक जमीन त्यांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. हे नातं किनाऱ्यावर संपत नाही, प्रवाळापर्यंत जातं. प्रत्येक गावाचं, कुळाचं पिढ्यान्‌पिढ्याचं मासेमारीचं पाणी ठरलेलं असतं. त्याला म्हणतात गोलिगोली. मालवणकडच्या वाचकांना हे लगेच समजेल. रापण कुठं लावायची, कुणाची हद्द कुठं संपते, हे तिथं कागद न बघता माहीत असतं. समुद्राला सातबारा नसतो, पण गावाला सगळं ठाऊक असतं.

१९८० च्या दशकात तावारुआ बेटावर अमेरिकन सर्फरांनी रिसॉर्ट उभं केलं. पारंपरिक मालकांशी करार झाला आणि जवळच्या लाटा रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी राखीव झाल्या. गावाला पैसे मिळत होते, पाहुण्यांना गर्दी नसलेली लाट मिळत होती. पण फिजीतल्याच एखाद्या पोराला सर्फिंग करायचं असेल तर? त्याला आपल्याच देशातल्या सगळ्यात चांगल्या लाटेवर जागा नव्हती. २०१० मध्ये तिथल्या सरकारने हुकूम काढून हे खासगी हक्क रद्द केले आणि लाटा सगळ्यांना खुल्या केल्या.

वाचताना वाटतं, वा, न्याय झाला. अर्धा झाला, हे खरं. स्थानिक पोरं पाण्यात उतरू लागली, छोट्या बोटवाल्यांना धंदा मिळाला, आपल्यासारख्यालाही रिसॉर्टचं अवाच्या सवा भाडं न भरता तिथं जाता येतं, ते याच निर्णयामुळे. दुसरी बाजूही बघा. हा हुकूम निवडून आलेल्या संसदेने केलेला नव्हता; २००६ च्या लष्करी बंडानंतर सत्तेत आलेल्या सरकारचा होता. आणि ज्या गावाच्या गोलिगोलीत रोज बोटींची रांग लागते, त्या गावाने 'आज नको' म्हणायचं ठरवलं तर त्याचं कोण ऐकणार? राखीव लाटेत स्थानिक पोरगा बाहेर राहिला होता. खुल्या लाटेत गावच बाजूला पडण्याची भीती आहे. कोकणात जेट-स्की आणि बनाना बोटींच्या गर्दीत जाळं कुठं टाकायचं असा प्रश्न ज्या कोळ्याला पडतो, त्याला हे सांगावं लागणार नाही.

यात आपण, बारा हजार किलोमीटरवरून येणाऱ्यांनी, कुठं उभं राहायचं? आमच्या मते उत्तर साधं आहे. लाट कायद्याने खुली असली तरी वागायचं असं, जणू परवानगी लागते. बोट निवडताना ती कुठल्या गावाची आहे, चालवणारा कोण आहे, पैसे कुणाच्या हातात जातात हे विचारा. दोन बोटींत थोडा फरक असेल तर गावातली घ्या. आपण इथं किलोभर कांद्यासाठी घासाघीस करतो, पण तिथं बोटवाल्याशी तासभर हुज्जत घालून वाचवलेले पैसे विमानतळावरच्या एका कॉफीत संपतात.

टोपी काढा, रविवार सोडा

गावात जायचं असेल तर फिजीत एक रीत आहे, सेवुसेवु. यांगोना नावाच्या झाडाची मुळं गावच्या प्रमुखापुढे ठेवायची, आपण कोण, कशाला आलो ते सांगायचं. त्याने स्वीकारलं की तुम्ही पाहुणे. या मुळांचंच पेय होतं, आपण त्याला कावा नावाने ओळखतो. नांदीच्या बाजारात मुळांची जुडी सहज मिळते. गावात टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे आणि गुडघे झाकायचे, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्यासुद्धा. रविवार हा चर्चचा आणि शांततेचा दिवस. अनेक गावांना त्या दिवशी समोरच्या पाण्यात धांगडधिंगा आवडत नाही. तेव्हा सात दिवसांच्या प्लॅनमध्ये सर्फिंगचे सहाच धरा. रविवारी चर्चमधलं समूहगान ऐका, तेही कुठल्या रीलमध्ये मावत नाही.

आणि हो, ड्रोन, कॅमेरा, लाइव्ह. विचारल्याशिवाय नाही. आपल्या आजीच्या अंगणात कुणी न विचारता शूट करायला लागलं तर काय वाटेल?

भारतीय म्हणून जाताना आणखी एक गोष्ट माहीत हवी. फिजीतली साधारण एक तृतीयांश माणसं भारतीय वंशाची आहेत. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास नावाचं जहाज पहिले मजूर घेऊन तिथं पोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं अशी गेली, आधी कलकत्त्याहून, पुढे मद्रासहूनही. पाच वर्षांचा करार, उसाचे मळे, हाल. 'अ‍ॅग्रीमेंट' शब्दाचं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. त्यांची हिंदी वेगळी आहे, अवधी-भोजपुरीच्या वळणाची, आणि टॅक्सीत बसल्यावर ती ऐकून आपण लगेच 'अरे, आपलेच!' म्हणून मोकळे होतो. जरा थांबा. ती माणसं फिजीची आहेत, चौथी-पाचवी पिढी. १९८७ आणि २००० च्या बंडांत त्यांनी खूप सोसलं, हजारो देश सोडून गेले. त्यांच्याशी गप्पा माराव्यात, पण 'तुम्ही मूळचे कुठले' या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्यांना विचारा नांदीत चांगली रोटी-करी कुठं मिळते. पुढची गोष्ट ते आपणहून सांगतील.

जिथं जायचंय, ते उरणार का?

सगळ्यात अडचणीचा मुद्दा आता. मुंबई ते नांदी सरळ रेषेत मोजलं तरी साधारण बारा हजार किलोमीटर आहे. थेट विमान नाही. सिंगापूर, हाँगकाँग किंवा आणखी कुठून तरी बदलून जावं लागतं. ज्या धुरामुळे समुद्र तापतोय आणि चढतोय, त्यात आपल्या तिकिटाचाही वाटा आहे. फिजीत वुनिदोंगोलोआ नावाचं गाव होतं. भरतीचं पाणी घरात शिरायला लागलं म्हणून २०१४ मध्ये अख्खं गाव उचलून आत, उंचावर न्यावं लागलं. आपण ज्या प्रवाळावरच्या लाटेसाठी जाणार, ते प्रवाळही पाणी तापलं की पांढरं पडतं. प्रवाळ मेलं, झिजलं, त्यावरचं पाणी वाढलं, तर लाटेचा आकारच बदलेल. बोगदा बनवणारी भिंतच ती.

यावर 'मग कुणीच कुठं जाऊ नये' असं उत्तर देणं सोपं आहे आणि ते खोटंही आहे, कारण फिजीतल्या असंख्य घरांची चूल पर्यटनावर पेटते. जायचं तर लांबच्या प्रवासाला किंमत द्या. चार दिवसांसाठी जाऊन येऊ नका. दोन-अडीच आठवडे राहता येईल तेव्हाच जा, आणि एकदाच जा. प्रवाळाला अपाय करणारी रसायनं नसलेलं सनस्क्रीन न्या. पलाऊने २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली, हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांची विक्री थांबवली. फिजीत उतरताना कुणी बॅग तपासून विचारणार नाही म्हणून आपण न विचारता ते करायचं. अंगात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घातला तर सनस्क्रीन लागतंच किती?

स्थानिकांनी बोललं तर बदल होतो, हे ताहितीत दिसलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर दूर, ताहितीच्या तेआहुपो गावासमोर झालं. पंचांसाठी प्रवाळात नवा अ‍ॅल्युमिनियमचा टॉवर रोवायचं ठरलं. गावकरी, कोळी, सर्फर म्हणाले, जुना लाकडी टॉवर आहे की! डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी बार्जमुळे प्रवाळ तुटलं, व्हिडिओ जगभर फिरले. टॉवर झालाच, पण आधीच्या आराखड्यापेक्षा लहान आणि हलका. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला गावाचं ऐकावं लागतं, तर आपल्या पाच जणांच्या ग्रुपला काय हरकत आहे?

आणि आपल्या वयाच्या लोकांची एक गोष्ट. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वानुआतूत ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वर्गातली कल्पना होती. त्यांनी वानुआतू सरकारला पटवलं, सरकारने इतर देशांना. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव केला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्लावजा आहे, पण जगभरच्या कोर्टांत त्याचा आधार घेतला जाईल. पॅसिफिक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त हॅमॉक येतो. त्या हॅमॉकच्या मागे अशी पोरं आहेत. त्यांचं मुख्य कॅम्पस फिजीच्या राजधानीत, सुवात आहे. नांदीहून बसने जाता येतं. एक दिवस त्यासाठी ठेवला तर काही बिघडणार नाही.

मग प्लॅन कसा करायचा?

बजेटचे तीन ढीग करा, तिकीट, राहणं आणि बोट. तिसरा ढीग सगळे विसरतात. लाट समुद्रात असते आणि बोट रोज लागते. राहायला नांदीच्या वाइलोआलोआ किनाऱ्यावर बॅकपॅकर हॉस्टेलं आहेत, तिथून सुरुवात करा. बोर्ड विमानातून न्यायचा खर्च आधी विचारा. शिकाऊ असाल तर तिथं भाड्याने घेतलेलं बरं. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम बुकिंगच्या आधी वाचा. परतीचं तिकीट, सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा जवळ ठेवा.

इन्शुरन्स घेताना 'सर्फिंग' शब्द पॉलिसीत कुठं आहे ते शोधा. अनेकदा तो 'यात समाविष्ट नाही' या यादीत सापडतो. लहान बेटावरून मोठ्या इस्पितळात हलवण्याचा खर्च धरलाय का, तेही बघा. प्रवाळाने झालेली जखम लवकर चिघळते, तेव्हा स्वच्छ पाण्याने धुणं, अँटिसेप्टिक आणि डॉक्टरकडे जाण्याचा कंटाळा न करणं, तिन्ही हवं. तिथं डेंग्यूही आहे, डासांचं मलम न्या. आणि आईने दिलेली चकली, लोणचं, मेतकूट? विमानतळावरच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ प्रामाणिकपणे लिहा. बेटांना बाहेरून येणाऱ्या किडीची धास्ती असते, त्यामुळे तपासणी कडक आहे. बुटांना चिखल लागलेला असेल तर तोही घरीच धुवा.

घरच्यांना सांगताना फक्त हॉटेलचं नाव देऊ नका. बोटवाल्याचा नंबर द्या, रोज पाण्यातून बाहेर आल्यावर मेसेज करायची वेळ ठरवा. फिजी आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. तिथं दुपारी बारा वाजता इथं पहाटेचे साडेपाच. आईला झोपेतून उठवायचं नसेल तर वेळ नीट निवडा.

आणि तारीख? या मे महिन्यातली नको. आत्ता तलावाचा पास काढा. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात गोव्यात किंवा मुल्कीला चार दिवस जा, त्यानंतर पुन्हा जा. ज्याला दुसऱ्यांदा जावंसं वाटणार नाही त्याचे फिजीच्या तिकिटाचे पैसे वाचले. ज्यांना वाटेल त्यांनी दोन मोसमांनंतर नांदीचं तिकीट काढावं, आणि निघण्यापूर्वी तिथल्या बोटवाल्याला फोन करून एवढंच विचारावं, 'आम्ही यायचं म्हणतोय. या दिवसांत चालेल ना?'